हळद, कुंकू आणि स्थिरबिंदू

विश्वात स्थिर असे काहीही नाही, असे डॉ. हेरंब नाडगौडा यांचे ठाम मत होते, आणि ते त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही बदलले नव्हते. महाविद्यालयात हे वाक्य ते ज्या खुर्चीवर बसून उच्चारत, ती खुर्चीसुद्धा त्यांनी शिपायाला केर काढण्यापुरती कधी हलवू दिली नाही.

सध्या ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, 'सांधा' नावाच्या अवकाशस्थानकात होते. सूर्य आणि पृथ्वी या दोघांची ओढ तिथे अशी जमते, की एखादी वस्तू सोडली तर ती बराच काळ सोडली तशीच राहते. सरकारी कामकाजाची सवय असलेल्या माणसाला तिथे परके वाटू नये.

स्थानकात दोन कक्ष होते. आकार एक, वजन एक, रंग तेवढा वेगळा. त्यांना एक आणि दोन असे क्रमांक द्यावेत, तर पहिला कोण यावर दोन्ही रहिवाशांचा आक्षेप. डावा-उजवा म्हणावे, तर कोणाच्या बाजूने, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. शेवटी चहा घेऊन आलेल्या हेडक्लार्कबाई म्हणाल्या, की एक पिवळा आहे, एक लाल आहे, हळद आणि कुंकू म्हणा. नाही तरी या दोघांना कोणी वेगळे पाहिलेले नाही. ठराव एकमताने संमत झाला.

हळदीत नाडगौडा राहत आणि कुंकवात डॉ. मिलिंद पुणतांबेकर. कराडच्या अभियांत्रिकी वसतिगृहात दोघे एका खोलीत होते, नंतर एका विभागात, आणि मग एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. त्यांचे 'यंत्रगतिशास्त्र' वाचल्याशिवाय महाराष्ट्रात कोणी यांत्रिकी अभियंता झालेला नाही. वाचून झालेलेही फार नाहीत, पण तो वेगळा विषय. स्थानकावर घर्षणरहित सांध्यांचे प्रयोग करायचे होते आणि आठ महिने नेटवर्कशिवाय राहायला एकही तरुण शास्त्रज्ञ तयार होईना. या दोघांना आपले नेटवर्क गेले आहे हे दुसऱ्या महिन्यात समजले.

त्यांच्या भांडणाचीही एक रीत होती, वसतिगृहापासूनची. भांडण झाले की जो जास्त दुखावला असेल तो आपली पत्र्याची ट्रंक खोलीबाहेर नेऊन ठेवायचा आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. सकाळपर्यंत दुसरा ती ट्रंक गुपचूप आत ओढायचा. मग चहा. या पद्धतीत माफी मागावी लागत नसे, हा मोठाच फायदा. मात्र ती चालायची एका अटीवर: एका वेळी एकच ट्रंक बाहेर. पस्तीस वर्षांत दोन्ही ट्रंका एकाच दिवशी बाहेर गेल्याची नोंद नाही.

आता सांध्याबद्दल. हळद आणि कुंकू यांना जोडणारा सांधा हे या दोघांचे आयुष्यभराचे काम. त्यात संगणक नव्हता, एक तारसुद्धा नव्हती. विजेवर दोघांचाही विश्वास नव्हता. होते ते फक्त पाच दांडे, पाच खिळ्यांनी एकमेकांत अडकवलेले. पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात याचे साधे स्पष्टीकरण आहे. चार दांड्यांच्या साखळीत एक दांडा जमिनीला पक्का केला आणि दुसरा फिरवला, की बाकीच्यांनी कुठे जायचे ते ठरून जाते. तिचे स्वातंत्र्यमान एक. घरात एकाच माणसाचे चालावे तसे. पाच दांड्यांच्या साखळीचे स्वातंत्र्यमान दोन. एका बाजूने कितीही फिरवा, दुसरीकडूनही कोणी फिरवल्याशिवाय ती ठरल्या जागी पोचत नाही.

म्हणून सांध्याला दोन किल्ल्या होत्या, एक हळदीत, एक कुंकवात. संकटकाळी दोन्ही फिरवल्या तर कक्षांना धरून ठेवणारा आकडा सुटायचा आणि मधली स्प्रिंग दोन्ही कक्षांना अलगद दूर लोटायची. एकच फिरवली तर काही होत नसे. खट् असा आवाजही नाही. तो आवाज घालवण्यासाठी नाडगौडांनी दोन वर्षे घालवली होती.

यामिनी खोब्रागडे जतच्या माळरानावरच्या नियंत्रण केंद्रात पाळीप्रमुख होती. दोघांचीही विद्यार्थिनी. एका सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तिला हळदीतून निरोप आला. नाडगौडांचा आवाज होता, आणि शब्द दोनच होते. "तो गेला."

ती खुर्चीतून उठेपर्यंत कुंकवातून पुणतांबेकरांचा निरोप आला. "यामिनी, हा निघाला बघ."

पडद्यावर हळद आणि कुंकू यांच्यामध्ये काळी फट दिसत होती. फट दर सेकंदाला चार सेंटिमीटरने रुंदावत होती. मुंगीलाही गाठता येईल असा वेग, पण थांबणार नाही असा.

परतयान कुंकवाला जोडलेले होते, दोन्ही बाजूंचे वजन ते धरूनच सारखे केलेले, आणि त्यात इंधन पृथ्वीकडे येण्यापुरतेच; त्याचे दार कुंकवात उघडत होते. हवा शुद्ध करणारे यंत्रही कुंकवात होते. हळदीत राखीव हवा दोन दिवसांची. म्हणजे फट मिटली नाही, तर नाडगौडांच्या हातात दोन दिवस होते. यामिनीने हे त्यांना हळुवारपणे सांगायचा प्रयत्न केला. निरोप जायला पाच सेकंद लागत आणि उत्तर यायला पाच. रुसलेल्या माणसाला दहा सेकंद फार उपयोगी पडतात.

नाडगौडा म्हणाले की त्यांना हिशेब येतो, हवेचाही. त्यांना एवढेच नोंदवून हवे होते की पुणतांबेकर परतयान घेऊन निघून गेला. तिकडे पुणतांबेकर सांगत होते की ते जागचे हललेले नाहीत. खिडकीसमोरचा एक तारा त्यांनी सकाळपासून धरून ठेवला आहे, तो तिथेच आहे, आणि नाडगौडा मात्र लहान लहान होत चालला आहे.

असल्या प्रसंगासाठी नियम होता. जो दूर गेला त्याने आपले वायुफवारे वापरून परत यावे. दुसऱ्याने जागचे हलू नये, कारण दोघेही आपापल्या मनाने निघाले तर टक्कर व्हायची. नियम उत्तम होता. दूर कोण गेला हे कसे ओळखायचे, तेवढेच त्यात लिहिले नव्हते.

यामिनीने कागद ओढला आणि वेगचित्र काढायला घेतले, दोघांनी शिकवले होते तसेच. एक बिंदू हळदीचा, एक कुंकवाचा, मध्ये चार सेंटिमीटर लांबीचा बाण. हळदीच्या दृष्टीने कुंकू चारने तिकडे. कुंकवाच्या दृष्टीने हळद चारने इकडे. बाण तोच, टोक फक्त उलटे. सापेक्ष वेग यापलीकडे काही सांगत नाही. कोण खरा हलला हे सांगायला चित्रात एक स्थिरबिंदू लागतो, ज्याच्यापासून सगळे बाण मोजायचे. एकोणीस वर्षांपूर्वी सत्रपरीक्षेत ती हाच बिंदू काढायला विसरली होती. नाडगौडा सरांनी दोन गुण कापले आणि तिचा पहिला नंबर दीड गुणाने गेला. पुणतांबेकर सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितले होते, की तुझे उत्तर तसे बरोबर आहे. नाडगौडांसमोर मात्र ते काही बोलले नव्हते.

तिने विचारले, "सर, स्थिरबिंदू कुठे घेऊ?"

दहा सेकंदांनी दोन्हीकडून उत्तर आले. "माझ्याकडे घे."

मग तिने भांडणाचे कारण विचारले. कारण होते पुस्तकाच्या नवव्या आवृत्तीतली आकृती ४.७. चार दांड्यांची एकच साखळी. पहिला दांडा जमिनीला पक्का केला तर एक यंत्र होते, तिसरा केला तर दुसरे. दांड्यांची आपसातली हालचाल तीच राहते, जमीन कोणाची एवढेच बदलते. जमीन दाखवायला दांड्याखाली तिरप्या रेघा मारायच्या असतात. त्या रेघा नाडगौडांच्या मते पहिल्या दांड्याखाली हव्यात, पुणतांबेकरांच्या मते तिसऱ्या. आठ आवृत्त्या त्या पहिल्याखाली होत्या.

इथपर्यंत हे विनोदीच होते, आणि यामिनी मनात हसलीही. पुढचे नाडगौडांनी सावकाश सांगितले. स्थानकावर खोडरबर एकच होते. आदल्या रात्री ते शोधायला नाडगौडा कुंकवात गेले, तेव्हा पुणतांबेकर झोपले होते. टेबलाला बांधलेल्या डबीत खोडरबर सापडले आणि त्याखाली मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची पाने. आकृती ४.७ मधल्या पहिल्या दांड्याखालच्या रेघा खोडलेल्या होत्या, तिसऱ्याखाली नव्या मारल्या होत्या. समासात पुणतांबेकरांच्या अक्षरात लिहिले होते: 'दोन्ही लेखकांना मान्य.' कागदावर तीन दिवसांपूर्वीची तारीख होती. त्याचे छायाचित्र केंद्रामार्फत प्रकाशकाकडे गेलेसुद्धा होते.

"त्या तीन दिवसांत आम्ही सहा वेळा एकत्र जेवलो," नाडगौडा म्हणाले. "मला त्याने लोणचं वाढलं."

पुणतांबेकरांनी हे नाकारले नाही. त्यांचे म्हणणे, आठ आवृत्त्या आपण गप्प बसलो त्याचे कोणी काही बोलत नाही. आणि आकृती बदलणे वेगळे, माणसाला अवकाशात सोडून जाणे वेगळे.

"सोडून मी गेलो?" असे नाडगौडांनी विचारले, आणि पुढची चाळीस सेकंदे कोणीच काही बोलले नाही. तेवढ्यात फट आणखी एक मीटर साठ सेंटिमीटरने वाढली.

यामिनीने दोघांनाही विचारले, की किल्लीला कोणी हात लावला होता का. दोघांनीही नाही म्हणून सांगितले. परवानगीशिवाय किल्ली फिरवणे म्हणजे सेवेतून बडतर्फी. नियमावलीत ते जाड अक्षरात होते. तेव्हा उरली एकच शक्यता. दोघांपैकी एकाने आपले वायुफवारे सोडले, जुना झालेला आकडा तुटला आणि तो कक्ष निघून गेला.

हे ओळखता येणार होते. वेग सापेक्ष असतो, पण वेगातला बदल नसतो. तो ज्याचा त्याला कळतो. एस.टी. संथ चालली असेल तर डोळे मिटून बसलेल्याला ती उभी आहे की धावते आहे हे समजत नाही. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की कपाळ पुढच्या सीटवर आपटते, आणि ते आपटले की नाही याबद्दल रस्त्याचे मत घ्यावे लागत नाही. प्रत्येक कक्षात एक त्वरणसाक्षी होता, काचेच्या डबीत स्प्रिंगांवर तोललेला मण्याएवढा गोळा. कक्षाला धक्का बसला की गोळा मागे राहतो आणि किती राहिला याची रेघ उमटते. ज्याच्या डबीत रेघ, तो गेला. ज्याच्या डबीत रेघ नाही, त्याला सोडून गेले.

यामिनीने दोन्ही नोंदी मागवल्या. यावर आनंद व्हायला हवा होता, निदान एका बाजूला तरी. झाले उलटे. नाडगौडा म्हणाले की त्वरणसाक्षीचे अंशांकन जुने आहे, त्यावर विसंबणे धोक्याचे. मिनिटभराने पुणतांबेकर म्हणाले की त्वरणसाक्षीचे अंशांकन जुने आहे, त्यावर विसंबणे धोक्याचे. हे वाक्य त्यांच्या पुस्तकात दोनशे बाराव्या पानावर आहे. यामिनीला ते पाठ होते, आणि परीक्षेत दोन मुलांनी एकच चुकलेले उत्तर लिहावे तसे वाटून तिने मान वर केली.

नोंदी यायला तास गेला. फट पावणेतीनशे मीटर झाली होती. तिने त्या शेजारी शेजारी ठेवल्या.

हळदीत रेघ होती. आठ वाजून बावन्न मिनिटांनी एकच धक्का, दोन सेंटिमीटर प्रति सेकंद, कुंकवापासून दूर.

कुंकवातही रेघ होती. आठ बावन्न. दोन सेंटिमीटर प्रति सेकंद, हळदीपासून दूर.

दोन बाण, एकाच मापाचे, उलट दिशांचे. वायुफवाऱ्यांच्या टाक्या दोन्हीकडे जशाच्या तशा होत्या. कोणीही काहीही सोडले नव्हते. स्थिरबिंदू बरोबर मध्ये येत होता, जिथे आज सकाळपर्यंत सांधा होता आणि आता कोणीच नव्हते. इतका समसमान धक्का एकच गोष्ट देऊ शकते, मधली स्प्रिंग. आणि ती स्प्रिंग सुटायला पाच दांड्यांच्या त्या साखळीला दोन्हीकडून कोणी तरी फिरवावे लागते. तिचे स्वातंत्र्यमान दोन होते. हे तिला ज्यांनी शिकवले तेच दोघे समोर होते.

तिने हे सगळे वाचून दाखवले, एकही विशेषण न लावता. मग विचारले, "किल्ली कोणी फिरवली, सर?"

या वेळी दहा सेकंद पुरले नाहीत. आधी नाडगौडांचा आवाज आला.

"मी काल रात्री फिरवली. नुसती फिरवली तर काही होत नाही. ती माझी ट्रंक होती. त्याला उठल्यावर दिसली असती, सांध्यातला दांडा त्याच्या बाजूने दिसतो. तो माझा दांडा मागे सरकवेल आणि चहाला बोलावील, एवढंच मनात होतं. तो आपली फिरवणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर मी फिरवली."

पुणतांबेकर म्हणाले, "मी सकाळी फिरवली. खोडरबर आणि कागद जागेवर नव्हते, तेव्हाच समजलं की याने ते पाहिले. पाहून एक शब्द बोलला नाही. एवढ्या वर्षांत हा न बोलता कधी गेला नव्हता. मग मीही ट्रंक बाहेर ठेवली. दांडा बघायचं सुचलं नाही मला. याने आधीच ठेवली असेल असं कशाला वाटेल?" मग ते म्हणाले, "ढकललं गेलो तेव्हाच कळलं, याची किल्ली फिरलेली होती."

म्हणजे त्या सकाळपासून प्रत्येकाला एक गोष्ट पुराव्यानिशी ठाऊक होती: दुसऱ्याने आपल्याला सोडायची किल्ली फिरवली. ती फिरली नसती तर आपल्या एकट्याच्या किल्लीने काही झालेच नसते. पुरावा बिनतोड होता. तो स्वतःलाही लागू पडतो, एवढे दोघांनीही सांगितले नव्हते.

यामिनीला राग यायला हवा होता. विभागात नव्या मुलांना मैत्री कशी असावी हे सांगताना ती या दोघांचे उदाहरण देत असे. तिने फक्त एवढेच म्हटले, "एकमेकांवर विश्वास होता म्हणून सोडलंत."

"होता," नाडगौडा म्हणाले.

पुणतांबेकरांनी आपल्या टाकीत वायू किती उरला आहे ते सांगितले.

तिने गणित मांडले. जुन्या नियमाप्रमाणे एकानेच परत यायचे, तर ते जमणारच नव्हते. प्रत्येकाच्या टाकीत मोहिमेच्या शेवटी उरलेला वायू होता, आपला वेग सगळा मिळून चार सेंटिमीटरने बदलण्यापुरता. एकट्याने चार सेंटिमीटरची ताटातूट थांबवली की टाकी रिकामी. मग तो दुसऱ्यासमोर अर्धा किलोमीटरवर लटकत राहणार, ना जवळ ना दूर. दोघांनी केले तर मात्र भागत होते. प्रत्येकाने आपले दोन सेंटिमीटर आपण रद्द करायचे, एक सेंटिमीटरने दुसऱ्याकडे यायचे आणि शेवटचा एक थांबण्यासाठी ठेवायचा. दोन, एक आणि एक. एक थेंब जास्त नाही. दुसऱ्याचा बाण उलटवण्याएवढा वायू कोणाकडेच नव्हता.

तिने सांगितले, "बरोबर बारा वाजता, दोघांनी एकदम. एकाने सोडून दुसऱ्याने नाही सोडलं, तर पुढचं गणित माझ्याकडे नाही."

नाडगौडांनी विचारले, की तो सोडेल कशावरून.

पुणतांबेकरांचा तोच प्रश्न येऊन पोचला होता.

यामिनी म्हणाली की याची हमी तिला देता येत नाही. तिच्याकडे फक्त दोन त्वरणसाक्षी आहेत, आणि ते झालेले सांगतात, होणारे नाही. बारा वाजता ती पडद्यासमोर उभी होती. पाच सेकंद गेले. हळदीच्या डबीत रेघ उमटली. कुंकवाच्या डबीत नाही. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा कुंकवाचीही उमटलेली होती, एक पूर्णांक दोन दशांश सेकंद उशिराने. तो उशीर कशाचा, हे दोघांनी एकमेकांना कधी विचारले नाही. नाडगौडांनी मात्र तो आकडा टिपून ठेवला.

परत यायला सहा तास लागले. दोन कक्ष एकमेकांकडे सेकंदाला दोन सेंटिमीटरने सरकत होते, लग्नात अंतरपाटाकडे जावे तसे, पण मंगलाष्टके नव्हती. शेवटच्या मीटरला दोघांनी आपापला राखून ठेवलेला एक सेंटिमीटर खर्च केला. आकडा बसला. आवाज आला नाही. जतच्या माळरानावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कोणी तरी पेढे आणायला गेले.

मग सगळे दार उघडण्याची वाट पाहू लागले.

हळद आणि कुंकू यांच्यामधले दार चार बोटे जाड आहे. ते दोन्हीकडून उघडते. नाडगौडा त्याच्या एका बाजूला बसले होते, पुणतांबेकर दुसऱ्या, दोघेही हलत नव्हते, हे त्वरणसाक्षीवरूनही दिसत होते. नाडगौडांच्या हवेचा साठा अजून दीड दिवस पुरणार होता आणि तो पुरवायचा असे त्यांनी ठरवले असावे. पाऊण तास गेला. केंद्रात पेढे वाटून संपले.

अखेर हळदीतून निरोप निघाला. पलीकडच्या माणसासाठी असलेला तो निरोप दाराला पाठ फिरवून पंधरा लाख किलोमीटर आला, यामिनीच्या कानात पोचला आणि पुन्हा तेवढेच अंतर कापून त्याच दाराच्या दुसऱ्या अंगाला जाण्यासाठी तिच्या तोंडाशी थांबला.

"यामिनी," नाडगौडा म्हणाले होते, "मुद्रितं आहेत माझ्याकडे. काल खोडरबराबरोबर ती उचलून आणली, खोडरबर मात्र वाटेत हातातून सुटलं, त्याच्याच बाजूला तरंगत असेल कुठे तरी. त्याला म्हणावं, सापडलं तर दाराशी ठेव."